सीहोरची कवळी

भोपाळच्या सोनागिरीतल्या आमच्या खोलीत दोन पातेली होती, एक भाताचं आणि एक कवळ्यांचं. बाबा कवळ्या बनवत. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन प्लास्टरचा जबडा पाठवत. बाबा त्यावर मेणाच्या हिरड्या चढवून एकेक दात बसवत, मग ते सगळं पितळेच्या साच्यात बंद करून मेण वितळवून टाकत आणि त्या जागी गुलाबी मसाला दाबून भरत. नंतर साचा पाण्यात तासदीड तास उकळायचा. स्टोव्ह एकच, त्यामुळे भात आणि कवळी यांची पाळी लागायची. कवळी आधी चढली असेल तर आई परातीत तांदूळ निवडत बसून राही आणि दर दहा मिनिटांनी विचारी, "झाले का तुमचे दात?" मसाल्यात घालायच्या औषधाचा वास फार उग्र. तो पडद्यांना लागायचा, केसांना लागायचा, पोळ्यांनाही लागायचा. शाळेत मी डबा उघडला की मुली विचारत, "तेरे घर में पेंट हो रहा है क्या?" मी हो म्हणायचे. आमच्याकडे वर्षभर पेंट चालू असायचा.

सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की पुढच्या घरातून आमचे घरमालक भागवतकाका यांची स्कूटर निघे, आणि मग दिवसभर बाबांच्या कानशीचा आवाज. खर्र, खर्र, थांबणं, फुंकर, पुन्हा खर्र. त्या आवाजावर मी भूमिती शिकले. आजही कुठे कानस चालली की मला त्रिकोण आठवतात.

आम्ही कराचीचे. बाबांचे आजोबा रत्नागिरीकडून तिथल्या बंदरावर कामाला गेले, फाळणी झाली तेव्हा घरचे तिथेच राहिले, आणि आम्ही मात्र मी तेरा वर्षांची असताना नातेवाइकांना भेटायच्या व्हिसावर तीन बॅगा घेऊन आलो ते परत गेलो नाही. का आलो ते सांगायला वेगळं बसावं लागेल. इथे एवढं पुरे की राहायची परवानगी दर वर्षी वाढवून घ्यावी लागे आणि त्या कागदावर एक ओळ असे: भोपाळ शहराची हद्द परवानगीशिवाय ओलांडायची नाही. बाबांनी ती ओळ मला तोंडपाठ करायला लावली होती.

भागवतकाका मूळ पुण्याचे, कारखान्यात तंत्रज्ञ. भाजीबाजारात बाबा आईशी मराठीत बोलत होते ते त्यांनी ऐकलं आणि हौसेनं विचारलं, "कुठले तुम्ही?" बाबांनी खरं ते सांगितलं. काकांनी भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "मागची खोली रिकामी आहे आमची. बघून तर जा." काकू पहिले काही महिने लांबूनच बोलत. आमची मराठी त्यांना कळे, पण मी परीक्षेला इम्तिहान म्हटलं की त्यांच्या भुवया वर जात. आईनं एकदा पालक आणि चणाडाळ घोटून केलेली सिंधी साई भाजी वाटीभर पाठवली, तेव्हा काकू वाटी घेऊन स्वतः मागे आल्या आणि कृती विचारून गेल्या. त्यांची मुलगी स्मिता माझ्याच वर्गात होती. आम्ही दोघी एका छत्रीतून शाळेत जायचो.

बाबांच्या प्रमाणपत्रांना इथे किंमत नव्हती. महाराणा प्रताप नगरमधल्या एका दातांच्या डॉक्टरांनी त्यांना काम दिलं, पण दोन अटींवर. दुसऱ्या कुणाचं काम धरायचं नाही आणि आपण कुठून आलो हे कुणाला सांगायचं नाही. "बेकार में सवाल होंगे," डॉक्टरसाहेब म्हणत. पेशंटना ते सांगत की दात मुंबईहून बनून येतात. बाबांना वाईट वाटत असेल, पण ते बोलून दाखवत नसत. एकच डॉक्टर, एकच दार. ते बंद झालं तर दुसरं ठोठावायचं नाही, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

भोपाळमध्येच कोलार रोडवर आता माझी स्वतःची लॅब आहे. दात मशीन कोरतं, मी स्क्रीनवर बघते. पॉलिशच्या टेबलापाशी सिंधमधल्या मीरपूरखासहून आलेली एक बाई बसते. तिकडे ती बायकांची डॉक्टर होती, इथे अजून तिला साधी गोळीसुद्धा लिहून देता येत नाही. ती परवानगीच्या कागदावरच्या अटी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवते आणि जेवणाच्या सुटीत वाचत बसते. मी तिला काही विचारत नाही. तिच्याकडे पाहिलं की मला मात्र तो गुरुवार आठवतो.

बाबा चार दिवस मलेरियानं फणफणले होते. तशातच त्यांनी सीहोरच्या एका म्हातारीचा वरखालचा पूर्ण सेट तयार केला होता, कारण शुक्रवारी तिच्या नातीचं लग्न होतं. डॉक्टरसाहेबांचा दवाखाना दर गुरुवारी सीहोरलाही चाले. त्यांचा माणूस येऊन डबा घेऊन जायचा, तो बुधवारी आला नाही. गुरुवारी सकाळी काकूंनी हाक मारली, "फोन आहे गं तुझ्या बाबांना." मी बाबांना धरून पुढच्या घरात नेलं. त्यांचा हात माझ्या खांद्यावर तव्यासारखा तापला होता. डॉक्टरसाहेब इतक्या जोरानं बोलत होते की मला सगळं ऐकू येत होतं. माणूस गावी निघून गेलाय, ते स्वतः सीहोरला पोचलेत, दोन वाजेपर्यंत सेट तिथे पाहिजे.

"साहब, मैं शहर के बाहर नहीं जा सकता। आप तो जानते हैं," बाबा म्हणाले.

"अरे, कौन देख रहा है? किसी को भी भेजो। नहीं पहुँचा तो आगे का काम भूल जाइए।"

बाबांनी फोन ठेवला. खोलीत येऊन आईला एवढंच म्हणाले, "गेलं काम," आणि भिंतीकडे तोंड करून निजले. आई मोरीपाशी बसून तेच एक भांडं पुन्हा पुन्हा घासत राहिली. मी सोळा वर्षांची होते. मिठाईच्या पुठ्ठ्याच्या डब्यात कापसावर तो सेट ठेवलेला होता, प्लास्टरच्या जबड्यांवर चढवलेला. मी दप्तरातली दोन पुस्तकं काढली, डबा आत सरकवला आणि म्हणाले, "आई, दुसऱ्या तासाला तरी जाते शाळेत." तिनं मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाहायचं मी टाळलं.

सीहोरची बस मिळेपर्यंत मला भीती वाटली नाही. बस सुटली, बैरागढचा बाजार मागे पडला, दुकानांच्या पाट्या विरळ झाल्या, आणि मग मी घाबरून खिडकीबाहेर बघू लागले. हद्द नक्की कुठे संपते हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटे की रस्त्यावर काहीतरी खूण असेल. एखादी रेघ, एखादा खांब. तसं काही दिसेना, नुसती हरभऱ्याची शेतं सुरू झाली. मी डबा मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी घट्ट धरला.

निवडणुकीचे दिवस होते. नाक्यावर बस थांबवली आणि दोन पोलीस वर चढले. दारूच्या बाटल्या शोधत होते. एकेक पिशवी उघडत ते मागे सरकत होते. माझ्या शेजारच्या बाईची लोणच्याची बरणीसुद्धा त्यांनी हुंगून पाहिली. मग त्यातला वयस्कर पोलीस माझ्याकडे वळला.

"डिब्बे में क्या है?"

"दाँत।"

सगळी बस हसली. तो हसला नाही. त्यानं झाकण काढलं. गुलाबी हिरड्यांतली दोन दंतपंक्ती त्याच्याकडे बघत होत्या. त्यानं झाकण परत लावलं आणि माझ्या गणवेशाकडे पाहिलं.

"स्कूल के टाइम पर अकेली कहाँ जा रही है? नाम क्या है?"

माझं नाव नलिनी. ते मला सांगायचं नव्हतं. नावामागून पत्ता विचारतील, पत्त्यामागून कागद.

"स्मिता भागवत," मी म्हणाले.

"बाप?"

मी काकांचं नाव सांगितलं. कारखाना सांगितला, सोनागिरीचा घरनंबरही सांगितला. तो इतका बिनचूक आणि भरभर सांगितला की माझं मलाच नवल वाटलं. पोलिसानं काखेतली वही काढून ते सगळं लिहून घेतलं, सावकाश, ओठ हलवत. "घर में बता देना कि अकेली मत भेजा करें," म्हणाला आणि उतरला. बस सुटली.

दवाखान्यात डॉक्टरसाहेबांनी डबा घेतला आणि मला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायला सांगितलं. ती म्हातारी खुर्चीत बसलेली होती, पदर डोक्यावर, गाल आत गेलेले. बाबांनी केलेले दात तोंडात बसलेले मी तोवर कधीच पाहिले नव्हते. डॉक्टरांनी सेट बसवला, चावायला लावलं, कुठे टोचतंय विचारलं आणि म्हणाले, "अम्मा, बोलो, सत्तर, सतहत्तर।" म्हातारीनं आधी नुसता ओठ मिटून पाहिला. मग म्हणाली, "सत्तर। सतहत्तर।" 'स' अगदी स्वच्छ उमटला. तिनं तो आकडा आणखी दोनदा म्हणून पाहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पोती की बन्नी अब मैं ही गाऊँगी।" बन्नी म्हणजे नवरीचं लग्नगीत. मला तिला सांगायचं होतं की हे माझ्या बाबांनी केलेत, तापात केलेत. पण डॉक्टरसाहेब माझ्याकडे रोखून बघत होते. मी मान हलवली आणि बाहेर पडले.

घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. आई दारातच उभी होती. मी शाळेत आलेच नाही हे स्मितानं येऊन सांगितलं होतं. बाबा खाटेवर उठून बसले होते. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, सेट पोचला म्हटल्यावर त्यांचा राग निवळेल. पण ते रागावलेच नाहीत. माझं बोलणं नाक्यापर्यंत आलं तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"नाव काय सांगितलंस?"

"स्मिताचं."

"आणि त्यानं लिहून घेतलं?"

"हो."

बाबांनी आईकडे पाहिलं. मग ते उठले, शर्ट घातला आणि मला म्हणाले, "चल." आई म्हणाली, "अहो, ताप आहे." ते थांबले नाहीत.

काका नुकतेच ड्यूटीवरून येऊन चहा पीत होते. बाबांनी उभ्यानंच सगळं सांगितलं, एक शब्दही कमी न करता. काकांनी कप खाली ठेवला.

"अहो, माझी सरकारी नोकरी आहे. उद्या चौकशी आली तर मी काय सांगू? माझी मुलगी तर आज वर्गात हजर होती!" त्यांचा आवाज चढला होता. तसा मी कधी ऐकला नव्हता. "म्हणतील, मीच खोटी माणसं पाळलीत घरात."

"म्हणूनच आलो. उद्या सकाळी मी परवानगीच्या ऑफिसात जाऊन लिहून देतो," बाबा म्हणाले.

"अहो, कुणी विचारायला येणारसुद्धा नाही," काकू मधेच म्हणाल्या. "दारू शोधत होते ते. कशाला आपणहून..."

"आणि आले तर, वहिनी?"

काकांनी कप बाजूला सारला. "लिहून दिलंत तर तुम्हाला परत पाठवतील," ते म्हणाले.

"पाठवतील."

काकांनी 'नका जाऊ' म्हटलं नाही. मी त्या दोन शब्दांची वाट बघत होते. कितीतरी वर्षं मला त्याचा राग होता. आता माझी स्वतःची माणसं कामाला आहेत, माझ्या सहीवर त्यांची घरं चालतात, आणि काकांनी तेव्हा काय काय डोळ्यांपुढे आणलं असेल ते मला कळतं. स्मिता दाराआड उभी होती. मी निघताना ती हळूच म्हणाली, "माझंच नाव का गं?"

दुसऱ्या दिवशी आईनं पासपोर्ट आणि परवानगीचे कागद एका स्वच्छ रुमालात बांधून दिले. तिनं आमच्या तिघांच्या बॅगा माळ्यावरून खाली काढून ठेवल्या होत्या, त्या मी पाहिल्या. परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या त्या ऑफिसात आम्ही लाकडी बाकावर दुपारपर्यंत बसलो. बाबांनी हिंदीत अर्ज लिहून आणला होता. ते तो मला दाखवत नव्हते. आम्हाला आत बोलावलं. टेबलामागचे अधिकारी बारीक अंगाचे, चष्मा कपाळावर चढवलेले. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"लड़की को आपने भेजा था?"

"जी," बाबा म्हणाले.

मी बाबांकडे पाहिलं.

"जानते हुए कि इजाज़त नहीं है?"

"जी। मुझे बुखार था। काम ज़रूरी था। यह नाबालिग है, गलती मेरी है। नाम भी मैंने ही सिखाया था।"

"इसका मतलब समझते हैं आप? पूरी फाइल बंद हो सकती है।"

ज्या माणसानं मला ती एक ओळ पाठ करायला लावली होती, तो सरकारी टेबलापुढे उभा राहून खोटं बोलत होता, आणि त्याला ते नीट जमतही नव्हतं. त्याच्या कपाळावरचा घाम भुवईपर्यंत आला होता. मी म्हणाले, "साहब, यह सच नहीं है। मैं अपने मन से गई थी। इनको पता भी नहीं था।"

"गप्प बस, नलू," बाबा मराठीत म्हणाले.

"क्या कहा इन्होंने?" अधिकाऱ्यांनी मला विचारलं.

"चुप रहने को कहा।"

अधिकाऱ्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. पंख्याखाली कागद फडफडत होते. मग त्यांनी बाबांचा अर्ज परत सरकवला आणि एक कोरा कागद त्यावर ठेवला. "दोबारा लिखिए। जो हुआ वही लिखिए। नीचे लड़की भी दस्तखत करेगी।" थोडं थांबून विचारलं, "मकान मालिक को कब बताया?"

"कल शाम।"

"खुद जाकर?"

"जी।"

ते त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून घेतलं. मी बाबांच्या सहीखाली माझं पूर्ण नाव लिहिलं. सरकारी कागदावर माझी ती पहिली सही. निकाल लागेपर्यंत दर सोमवारी दोघांनी हजेरी लावायची, असं ठरलं. परत पाठवणार की नाही, हे कुणीच सांगितलं नाही. आम्ही विचारायचं धाडसही केलं नाही.

मग सोमवार सुरू झाले. ऑफिसातून एक माणूस चौकशीला प्रताप नगरला गेला, तर डॉक्टरसाहेबांनी सांगितलं की या माणसाला आपण ओळखतच नाही. काम त्याच दिवशी थांबलं. घरात वास येईनासा झाला. भाताला स्टोव्ह दिवसभर मोकळा होता आणि ते आईला बघवत नव्हतं. सोनागिरीतही एक हवालदार आला. मी मागच्या खिडकीतून कान देऊन ऐकत होते. काकांनी त्याला खुर्ची दिली आणि म्हणाले, "मेरे किरायेदार हैं। उसी दिन आकर सब बता दिया था। और रहेंगे यहीं।" तो गेल्यावर ते आमच्याकडे आले नाहीत, आत जाऊन रेडिओ लावून बसले. पण दुसऱ्या दिवसापासून काकूंनी वसाहतीतल्या बायकांच्या साड्या फॉल लावायला आईकडे आणून टाकायला सुरुवात केली. आई दिवसभर शिवत बसे आणि बाबा तिला सुईत दोरा ओवून देत. दाताच्या मुळाशी मेणाची केसाएवढी रेघ ओढणारे हात होते ते. स्मिता माझ्याशी बोलायची, पण छत्री तिनं वेगळी घेतली. ती पुन्हा एक व्हायला वर्ष लागलं.

दर सोमवारी तोच बाक, तोच कारकून, तीच वही. माझ्या सोमवारच्या चाचण्या बुडायच्या. दर रविवारी संध्याकाळी आई बॅगांवरची धूळ पुसायची. त्या तिनं माळ्यावर परत ठेवल्या नव्हत्या. थंडी गेली, उन्हाळा आला, माझा परीक्षेचा निकाल लागला. मी पास झाले होते, एवढंच.

एका सोमवारी आम्ही सह्या केल्या आणि कारकुनानं वही मिटता मिटता म्हटलं, "अगले हफ्ते से मत आना।"

"मतलब?" बाबांनी विचारलं.

"मतलब मत आना। ऊपर से जवाब आ गया। चेतावनी देकर छोड़ दिया है। कागज़ डाक से पहुँचेगा।"

तो पुढच्या माणसाकडे वळलासुद्धा. आम्ही जिना उतरलो. खाली आल्यावर बाबा एका पायरीवर बसले, दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून. मला वाटलं, त्यांना चक्कर आली. मी पाणी आणायला निघाले तर त्यांनी माझा हात धरला. "घरी नको. आधी प्रताप नगरला जाऊ," म्हणाले.

तिथे दातांच्या डॉक्टरची जी पहिली पाटी दिसली तिचा जिना ते चढले. आत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, दवाखाना नवा, खुर्च्यांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. बाबा बसले नाहीत. "कवळ्या... डेंचर बनाता हूँ। बाईस साल से," ते म्हणाले. "पहले ही बता दूँ, मैं कराची का हूँ। कागज़ साथ हैं। शहर के बाहर नहीं जा सकता।"

बाईंनी कागद घेतले आणि खरोखरच वाचले, शेवटच्या ओळीपर्यंत. मी त्यांच्या बोटाकडे बघत होते, ते कुठल्या ओळीवर थांबतं ते. मग त्यांनी कागद घडी करून परत दिले.

"दाँत तो शहर के अंदर ही बनेंगे ना?" असं म्हणत त्यांनी कपाट उघडलं आणि कापडात गुंडाळलेला प्लास्टरचा एक जबडा बाबांच्या हातात ठेवला. "गुरुवार तक चाहिए।"

परतीच्या टेम्पोत आम्ही दाटीवाटीनं बसलो. बाबांनी ते गाठोडं पिशवीत घातलं नाही, दोन्ही हातांत धरून ठेवलं, खड्डा आला की ते छातीशी घेत. समोर बसलेली एक बाई बराच वेळ बघत होती. शेवटी तिनं विचारलं, "भैया, क्या है इसमें?"

"काम है," बाबा म्हणाले.